पंख्यातली लोकर

९ फेब्रुवारी

ताई,

तुमचा निरोप मिळाला. टिल्लूला त्याच्या बाबांचा लॅपटॉप हवा आहे, मी तो तुमच्या पत्त्यावर पाठवायचा आणि तो तुमच्याकडून घेऊन जाणार. निरोप एवढाच होता की मधलं काही तुम्ही गाळलंत, ते विचारत नाही. आई कशी आहे असं त्याने विचारलं असतं तर तुम्ही मला नक्की कळवलं असतंत, एवढी मी तुम्हाला ओळखते.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. दोन वाक्यं झाली की तुमचा आवाज चढतो, मग माझा चढतो, मग दोघी रडतो आणि कामाचं बोलणं राहूनच जातं. कागदावर मला कुणी मध्ये तोडत नाही.

तर कामाचं. लॅपटॉप पाठवते, पण लगेच नाही. तो धड चालत नाही. चालू होतो, त्याचा पंखा घर डोक्यावर घेतो, हात लावला तर चटका बसतो आणि थोड्याच वेळात आपोआप बंद पडतो. बिघडलेली वस्तू मी मुलाच्या हातात देणार नाही. दुरुस्त करून घेते आणि मग पाठवते. आईने मुद्दाम अडकवून ठेवलाय असं त्याला वाटायला नको, तेवढं त्याला जरूर सांगा. त्याच्या मनात माझ्याबद्दल काय काय येऊ शकतं ते त्याचे बाबा गेले त्या दिवशी त्याने भरल्या घरात ऐकवलंच आहे.

"रविवारी ते माझ्याशी गेम खेळत होते. इतकं छान खेळत होते. असा माणूस गुरुवारी जातो? त्याला उचलून मोठ्या हॉस्पिटलात नेता येत नव्हतं तुला? बाबा लढत होते. हात टेकलेस ते तू."

तुम्ही त्याच्या शेजारीच उभ्या होतात, ताई. तुम्हीही माझ्याकडे पाहिलं नाहीत. हे इतके आजारी आहेत ते मी तुम्हाला दोघांना कळवलं नाही याचा राग मी समजू शकते. कळवू नको असं ह्यांनीच बजावलं होतं, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते. पण मनात एक ठेवून तोंडावर गोड बोलणं मला जमत नाही, म्हणून त्या दिवशीचं लिहून टाकलं.

दुकानातून काय कळतं ते कळवते.

तुमची,
वहिनी


१५ फेब्रुवारी

ताई,

लॅपटॉप दाखवून आले. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. टेबलावर उघडे पडलेले कीबोर्ड, छोट्या डब्यांतून स्क्रू, आणि एक पंचविशीची मुलगी, कपाळावर दिवा बांधलेली. बोलायला अगदी माझ्यासारखी. तिने लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, खालच्या जाळीतून आत बघितलं आणि म्हणाली, "काकू, हा लॅपटॉप होता की इस्त्री?"

मग माझ्यासमोरच तिने खालचं झाकण काढलं. आत दोन छोटे पंखे असतात, तळव्याएवढेसुद्धा नाहीत. त्यांच्यापुढे तांब्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते. खालून थंड हवा आत ओढायची, ती त्या जाळीतून घालवायची आणि गरम हवा मागून बाहेर सोडायची, एवढंच त्या पंख्यांचं काम. गेम खेळताना आतली चिप चुलीसारखी तापते, म्हणून हे काम जरा वेळही थांबून चालत नाही. आपल्या लॅपटॉपमध्ये पंखे आणि जाळी यांच्यामध्ये लोकरीचा थर जमला होता. निळ्या लोकरीचा. तिने चिमट्याने तो ओढला तर अख्खी पट्टीच्या पट्टी निघाली, शिवणाच्या खोक्यात सापडते तशी.

"पलंगावर ठेवून वापरलाय ना?"

"हो."

"ब्लँकेटवर?"

"हो."

"म्हणजे ह्याचं नाक-तोंड दाबून वर ह्याला पळायला लावलंत. कोण करतं असं?"

"मीच केलं," म्हटलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही माझ्याकडे बघायला लागली. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मी असं ऐकून घेते यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

चिपवर एक पेस्ट लावलेली असते, उष्णता जाळीपर्यंत पोचवणारी. ती वाळून खडूसारखी झाली आहे. बॅटरी तापून तापून फुगली आहे, ती बदलावीच लागेल, नाहीतर धोका. एक पंखा घासत फिरतो, तोही नवा घालायचा. आतल्या फायली मात्र सगळ्या शाबूत आहेत, हे आधी विचारून घेतलं. सामान यायला वेळ लागेल म्हणाली.

ह्यांना हे बघवलं नसतं. जन्मभर माणसाने गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त केले. गिऱ्हाइकाच्या गाडीतला तापमानाचा काटा जरा वर चढला की त्याला उन्हात उभं करून प्रवचन द्यायचे. लॅपटॉपचंही तेच. मागच्या बाजूला बाटलीची दोन झाकणं चिकटवून तो उंच केला होता, खालून हवा जायला जागा राहावी म्हणून. टिल्लू लहान असताना एकदा त्याने तो उशीवर ठेवला, तर आठवडाभर खेळायला दिला नव्हता. तुम्हीच मध्ये पडून सोडवलं होतंत त्याला.

तुमची,
वहिनी


२१ फेब्रुवारी

ताई,

लोकरीचं तुम्ही टिल्लूला सांगायला नको होतं.

तो काय म्हणाला ते तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत, बरं केलंत. बाबांनी जीव गेला तरी लॅपटॉप ब्लँकेटवर ठेवला नसता. ते गेल्यावर आईने पलंगात लोळून सिनेमे बघितले आणि त्यांची वस्तू जाळली. आणि खाली तुमची ओळ: हे खरं आहे का, वहिनी?

सिनेमे! ते गेल्यापासून मी त्या पलंगावर झोपलेलीसुद्धा नाही.

दोन दिवस मी रागाने धुमसत होते. आज सकाळी ठरवलं, तुम्हाला सांगायचं. तुमचे ते भाऊ होते, तुमचा हक्क आहे. पण हे तुमच्यापाशीच राहायला हवं.

डॉक्टरांनी ह्यांना माझ्यासमोरच स्पष्ट सांगितलं होतं की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, घरी राहा. हे म्हणाले, ठीक. बाहेर आल्यावर रिक्षात बसायच्या आधीच मला म्हणाले, "पोराला कळवायचं नाही. नवी नोकरी आहे, तो सोडून धावत येईल आणि माझ्या उशाशी बसून राहील. मला त्याचं तोंड तसं बघायचं नाही. रविवार मात्र चुकवायचा नाही." रविवार म्हणजे त्यांचा गेम. टिल्लू परगावी गेल्यापासून दर रविवारी सकाळी बापलेक त्या गेममध्ये भेटायचे, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे ह्यांचं नाव होतं म्हातारा कोल्हा.

सुरुवातीला हे टेबलाशी बसून खेळले. मग टेबलाशी बसवेना, म्हणून पलंगावर, मांडीवर लाकडी फळी घेऊन. मग फळीचं वजन पायांना सहन होईना. मी म्हटलं, स्टुलावर ठेवते. तर पडल्या पडल्या स्क्रीन दिसेना. शेवटी ब्लँकेटवरच ठेवला. मी ठेवताना त्यांच्याकडे बघितलं, म्हटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "राहू दे. पाय शेकतात." त्यांचे पाय बर्फासारखे झाले होते, ताई. कितीही चोळले, कितीही मोजे चढवले तरी गरम व्हायचे नाहीत. तो लॅपटॉप तापायचा तेव्हाच तेवढे ऊबदार व्हायचे. लॅपटॉपचं वाटोळं होतंय हे मला दिसत होतं, त्यांना तर माझ्याहून जास्त कळत होतं. तरी तो तिथेच ठेवला. मला पुन्हा विचाराल तर मी पुन्हा तिथेच ठेवीन.

पुढचं लिहायला जड जातं आहे.

एका रविवारी गेम सुरू झाला आणि ह्यांची बोटं कीबोर्डवरून घसरायला लागली. पलीकडून टिल्लू हाका मारतोय, बाबा, बाबा, उजवीकडे बघा. ह्यांना बोट हलवता येईना. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू ये." मी कोर्टात टायपिस्ट म्हणून नोकरी केली, बोटांना बटणं न बघता सापडतात, एवढंच माझं भांडवल. मी पलंगावर चढून बसले आणि हे कानाशी कुजबुजायला लागले. डावीकडे. उडी मार. आता झाड गोळी. पहिल्या दिवशी मी आपल्याच माणसाला गोळी घातली. टिल्लू ओरडला, "बाबा, चष्मा लावा!" हे इतके हसले की मला गेम सोडून त्यांची पाठ चोळावी लागली.

त्यानंतरचे सगळे रविवार मी खेळले. ह्यांचा आवाज क्षीण झाला होता, तो ऐकला असता तर टिल्लूला कळलं असतं. म्हणून माइक बिघडलाय असं कळवून टाकलं. हे सांगायचे आणि मी टाइप करायचे. मी नीट, पूर्ण वाक्यं लिहायचे तर हे रागवायचे, "कोर्टाची नोटीस नाहीये ती. माझ्यासारखं लिही." मी ह्यांच्यासारखं लिहायला शिकले. ह्यांच्यासारखं खेळायलाही शिकले. दुपारी हे झोपले की मी एकटी सराव करायचे, हसू नका. एका रविवारी टिल्लूने लिहिलं, "बाबा, आज काय फॉर्मात आहात!" मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझ्या मुलाने माझं असं कौतुक आधी कधी केलं नव्हतं, आणि तेही माझं नव्हतं.

आता कळलं ना, रविवारी इतकं छान खेळणारा माणूस गुरुवारी कसा गेला? त्या रविवारी ह्यांना मान वळवता येत नव्हती. चमच्याने पाजलेलं पाणीसुद्धा ओठांच्या कडेने ओघळत होतं. लढत होते असं टिल्लू म्हणतो ते बाबा म्हणजे मी होते, ताई.

त्याला सांगू नका.

तुमची,
वहिनी


२७ फेब्रुवारी

ताई,

तुमचा फोन आला तेव्हा मला बोलता आलं नाही. तुम्ही रडत होतात आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडत नव्हतात, त्याची सवय नाही. वहिनी, मला माफ कर असं म्हणालात, ते पुन्हा कधी म्हणू नका. माझा राग त्याच क्षणी गेला.

पण "तू सांगत नसशील तर मी सांगते, पोराने तुझ्यावर हा आळ किती दिवस ठेवायचा," हे जे म्हणालात, त्याचं उत्तर देते.

तुमचा फोन ठेवला आणि संध्याकाळी टिल्लूचा मेसेज आला. घरातून गेल्यापासूनचा पहिला. मी तो इतक्या वेळा वाचला आहे की आता न बघता लिहिते: "लॅपटॉप झाला का. एक विचारायचं होतं. शेवटच्या गेममध्ये बाबा माझ्यासाठी मागे का फिरले? ते कधीच फिरत नाहीत. नंतर तुला काही बोलले का?"

हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्या गेममध्ये शेवटी एक पूल ओलांडायचा असतो. मागून आग येत असते. पुलापलीकडे पोचलं की जिंकलं. वाटेत आपला साथीदार पडला तर त्याला उचलायला थांबता येतं, पण थांबलं की बहुतेक दोघेही जातात. ह्यांचा नियम पक्का होता, पडलेल्याला सोडायचं आणि पळायचं. "एकाने तरी पोचायला पाहिजे" म्हणायचे. टिल्लूला त्यांनी शेकडो वेळा तिथे सोडला होता, आणि पलीकडून टिल्लू हसत शिव्या घालायचा.

त्या दिवशी टिल्लू पुलाच्या अलीकडे पडला. मी पुलावर होते. पंखा कर्कश ओरडत होता, चित्र अडकत अडकत पुढे सरकत होतं, बटणं बोटांना भाजत होती. हे कानाशी म्हणत होते, "पुढे जा. पुढे जा, थांबू नकोस." मी ऐकलं ताई, स्पष्ट ऐकलं. आणि मागे वळले. तो माणूस खोटा आहे, ती आग खोटी आहे, हे मला कळत नव्हतं का? पण त्याच्यावर माझ्या मुलाचं नाव लिहिलेलं होतं आणि तो गुडघ्यावर रांगत होता. मी त्याच्यापर्यंत पोचले, उचलायचं बटण दाबलं, आणि लॅपटॉप तापून बंद पडला.

स्क्रीन काळी. किती दाबलं तरी सुरू होईना, हात लावता येत नव्हता. दर रविवारी शेवटी हे मला एक ओळ लिहायला सांगायचे, "जेव वेळेवर, कोल्ह्याच्या पिल्ला." ती ओळ राहिली. मी ओला फडका आणायला उठले तर म्हणाले, "राहू दे, थंड होऊ दे. पुढच्या रविवारी लिहू."

आणि आता तो विचारतो आहे, बाबा मागे का फिरले.

तुम्ही म्हणता खरं सांग. खरं काय सांगू? मागे मी फिरले, असं सांगितलं की त्याचाच दुसरा अर्थ होतो की त्याचे बाबा पुढे जा म्हणत होते. ते गेमचं बोलत होते, ताई, गेमच्या नियमाचं. त्या पोरासाठी त्यांनी शेवटचे रविवार कसे काढले ते मी बघितलं आहे. पण टिल्लू ते बघायला नव्हता. त्याच्याजवळ बाबांचा निरोप नाही, शेवटचा शब्द नाही, हात धरून बसलेला एक दिवस नाही, कारण आम्ही दोघांनी मिळून त्याला तो मिळू दिला नाही. त्याच्याजवळ फक्त एवढं आहे की शेवटच्या वेळी बाबा त्याच्यासाठी वळले. मी निर्दोष ठरावं म्हणून तेवढंही काढून घेऊ?

तो माझ्याशी बोलत नाही याने जीव तुटतो माझा. त्याच्या जुन्या खोलीवरून जाताना मी अजून पाय न वाजवता जाते, तो झोपला असेल अशी. तो एकदा आई म्हणाला तर मी काहीही देईन, पण हे नाही देणार.

तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ.

तुमची,
वहिनी


३ मार्च

टिल्लू,

सोबत बाबांचा लॅपटॉप पाठवते आहे. आत्याकडून घेताना उघडून, चालवून बघ. दोन्ही पंखे साफ केलेत, त्यातला एक नवा आहे. बॅटरी नवी आहे. चिपवरची पेस्ट बदलली आहे. मी दुकानात बसून त्यावर बराच वेळ गेम चालू ठेवायला लावला, नुसता कोमट झाला. पंख्याचा आवाज येईल, पण तो ओरडत नाही.

दुरुस्त करणाऱ्या मुलीने सांगितलेलं लिहिते, तुला यातलं बरंचसं माहीत असेल तरी वाच. कडक, सपाट जागेवरच ठेवायचा. मागची झाकणं घासून गेली होती, तिथे रबराचे उंच पाय लावून घेतलेत. ते काढू नकोस. गेमच्या सेटिंगमध्ये चित्रांचा वेग मर्यादित करून ठेव, डोळ्यांना फरक कळत नाही आणि चिपला दम खायला मिळतो. खेळून झालं की लगेच झाकण मिटायचं नाही, पंखा शांत होईपर्यंत तसाच उघडा राहू द्यायचा. धूळ उडवायची असेल तर बंद करून, थोडी थोडी हवा मारून, आणि तेव्हा पंख्याची पाती काडीने धरून ठेवायची, नाहीतर ती वेड्यासारखी फिरून मोडतात. पेस्ट दर एक-दोन वर्षांनी बदलून घे. चित्र अडखळायला लागलं की तो तापलाय असं समज आणि थांब. हट्टाने खेळत राहू नकोस.

ब्लँकेटवर मी ठेवला होता. बाबांनी नाही. त्याबद्दल तुला जे बोलायचं ते तू बोललास, आत्याने कळवलं. माझं त्यावर काही म्हणणं नाही.

त्या दिवशी गेम मध्येच गेला तो बाबांनी सोडला नव्हता. लॅपटॉप तापून बंद पडला. तुला एक ओळ लिहायची राहिली होती, ती मला सांगून ठेवली होती. "जेव वेळेवर, कोल्ह्याच्या पिल्ला." ती पुढच्या रविवारी लिहायची होती.

ते मागे का फिरले असं विचारलंस. नंतर काही बोलले का म्हणतोस. त्याबद्दल नंतर काही बोलणं झालं नाही. पण मी तिथे अगदी जवळ बसले होते, मला सगळं दिसत होतं, म्हणून खात्रीने सांगते. तू पडलेला दिसलास. दुसरं काहीही कारण नव्हतं.

आई